बाळाच्या औषधाचं त्रैराशिक

रात्रीचे अडीच वाजले आहेत. बालरोग विभागातल्या मधल्या खाटेवर वर्षाचं एक बाळ तापाने फणफणलंय. आईने त्याला खांद्यावर घेतलंय आणि ती जागच्या जागी डुलतेय. केसपेपरवर डॉक्टरांची ऑर्डर आहे: पॅरासिटामॉल सिरप, दर किलोला १५ मिलिग्रॅम, ताप असेल तर सहा-सहा तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा.

"ताई, बाळाचं वजन किती?" सिस्टर विचारते.

"मागच्या महिन्यात अंगणवाडीत केलं होतं. नऊ असेल, नाहीतर दहा."

"आत्ता करून घेऊ या."

झोपेतल्या बाळाचे कपडे काढायचे, त्याला काट्यावर ठेवायचं, ते रडणार, आई कावरीबावरी होणार. तरीही सिस्टर काटा शून्यावर आणते, बाळाला वर ठेवते, एक हात न टेकवता त्याच्या अंगावर धरते आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहते. बरोबर दहा किलो. मग बाटली उचलून लेबल दिव्याखाली धरते आणि पुटपुटते, "पाच मिलिलिटरला एकशेवीस." कागदावर दोन ओळींचा हिशोब होतो. सिरिंजमध्ये सहा मिलिलिटर औषध चढतं.

तेवढ्यात आई पिशवीतून एक छोटी बाटली काढते. तिच्या बुचालाच ड्रॉपर आहे. "सिस्टर, हे घरी आहे. तापाचंच आहे, तेच नाव आहे. उद्या घरी सोडलं तर यातलं सहा देऊ ना?"

या प्रश्नाचं उत्तर पुढे येईलच. मी परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना हे गणित शिकवते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. यातलं गणित चौथी-पाचवीचं आहे आणि ते सहसा चुकत नाही. चुकतात ती गणितात घातलेली पदं. वजन अंदाजाने घेतलं जातं, लेबल अर्धवट वाचलं जातं, चमचा घरातला असतो. औषधाची मात्रा काढणं म्हणजे आकडेमोड करणं नव्हे, आकडेमोडीत जाणारा प्रत्येक आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असणं.

वजनच का?

मोठ्या माणसांना आपण सरळ गोळी देतो. ५० किलोची बाई असो की ८० किलोचा पुरुष, पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी दोघांनाही चालते, कारण त्यांच्या वजनांत दुपटीहून कमी फरक असतो. मुलांचं तसं नाही. बालरोग विभागात एकाच वेळी तीन किलोचं तान्हं बाळ आणि तीस किलोचा शाळकरी मुलगा शेजारशेजारच्या खाटांवर असतात. फरक दहापट. 'एक चमचा' या शब्दाला इथे काही अर्थच उरत नाही.

पूर्वी डॉक्टर वयावरून मात्रा काढत. प्रकाश तरंगांसारखा वागतो हे प्रयोगाने दाखवणारे इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग हे पेशाने डॉक्टरही होते. त्यांच्या नावाचा नियम असा: मुलाच्या वयाला, वय अधिक बारा या बेरजेने भागा आणि आलेल्या अपूर्णांकाने प्रौढाच्या मात्रेला गुणा. तीन वर्षांच्या मुलासाठी तीन भागिले पंधरा, म्हणजे प्रौढाचा पाचवा भाग. क्लार्कच्या नावाचा दुसरा नियम वजनावर होता: मुलाचं वजन पौंडांत घ्या आणि दीडशेने भागा. या नियमांनी त्या काळी काम भागलं, पण दोन्हींचा पाया एकच होता. मूल म्हणजे लहान आकाराचं मोठं माणूस, असं दोन्हींनी धरून चाललं होतं.

मूल तसं नसतं. नवजात बाळाच्या शरीराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. त्याचं यकृत आणि मूत्रपिंड अजून पूर्ण कामाला लागलेली नसतात, त्यामुळे औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. याचा धडा १९५९ साली फार मोठ्या किमतीवर मिळाला. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिलेल्या नवजात बाळांचं अंग राखाडी पडायचं, रक्तदाब कोसळायचा आणि त्यातली अनेक बाळं दगावायची. त्यांच्या यकृताला ते औषध निकामी करून बाहेर टाकता येत नव्हतं. वैद्यकशास्त्रात याला 'ग्रे बेबी सिंड्रोम' हे नाव पडलं.

उलट, बाळ एक-दोन वर्षांचं झालं की त्याचं यकृत आणि मूत्रपिंड इतक्या जोमाने काम करतात की काही औषधं दर किलोमागे मोठ्या माणसापेक्षा जास्त द्यावी लागतात. म्हणून आज प्रत्येक औषधासाठी प्रत्येक वयोगटाचा 'दर किलोला इतके मिलिग्रॅम' हा आकडा वेगळा ठरलेला असतो. तो ठरवणं डॉक्टरांचं आणि औषधशास्त्राचं काम. तो आकडा बाळाच्या ओठांपर्यंत अचूक पोचवणं हे सिस्टरचं काम, आणि घरी गेल्यावर आई-बाबांचं.

वजनालाही एक कुंपण असतं. सत्तर किलोच्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी १५ ने गुणलं तर १०५० मिलिग्रॅम येतात, पण पॅरासिटामॉलची प्रौढांसाठीची एका वेळची कमाल मात्राच १००० मिलिग्रॅम आहे. वजनाच्या हिशोबाने आलेली मात्रा प्रौढाच्या मर्यादेच्या वर कधी जाऊ द्यायची नसते.

लीलावतीतलं सूत्र

परिचर्येच्या पुस्तकांत सूत्र असतं ते असं: हवी असलेली मात्रा, भागिले हाती असलेली मात्रा, गुणिले जेवढ्या द्रावणात ती मात्रा आहे तेवढं द्रावण. विद्यार्थी ते घोकतात आणि परीक्षेत कोणती संख्या वर आणि कोणती खाली यात अडखळतात. तेव्हा मी त्यांना सांगते, हे सूत्र परकं नाही. आपल्या आजी-आजोबांनी ते शाळेत 'त्रैराशिक' म्हणून गिरवलंय.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त त्रैराशिकावर उदाहरणांचा मोठा भाग आहे. केशर, कापूर, तांदूळ अशा बाजारातल्या वस्तूंचे हिशोब त्यात येतात. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. म्हणजे हे गणित शेकडो वर्षं आपल्याच मातीत शिकवलं गेलंय.

त्रैराशिकात तीन पदं असतात. त्यांची नावं आहेत प्रमाण, फल आणि इच्छा. अमुक इतक्या प्रमाणाला अमुक इतकं फल मिळतं, तर माझ्या इच्छेला किती मिळेल? फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. मिळतं ते इच्छाफल.

आता बाळाकडे या. बाटलीवर लिहिलंय की १२० मिलिग्रॅमसाठी ५ मिलिलिटर. प्रमाण १२० मिलिग्रॅम, फल ५ मिलिलिटर. बाळाला हवेत दहा किलो गुणिले १५, म्हणजे १५० मिलिग्रॅम. ती इच्छा. पाच गुणिले १५० भागिले १२०, उत्तर ६.२५ मिलिलिटर.

या जुन्या रीतीतली खरी शहाणपणाची गोष्ट मांडणीत आहे. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची असली पाहिजेत, ती दोन टोकांना मांडायची आणि वेगळ्या जातीचं फल मधोमध. १२० मिलिग्रॅम, ५ मिलिलिटर, १५० मिलिग्रॅम. दोन्ही टोकांना मिलिग्रॅम, मध्ये मिलिलिटर. एका टोकाला ग्रॅम आणि दुसऱ्या टोकाला मिलिग्रॅम आलं, तर गणित करण्याआधीच चूक डोळ्यांत भरते. आजच्या भाषेत आपण याला एकक तपासणं म्हणतो.

आता ही पदं एकेक करून तपासू, कारण धोका तिथेच लपलेला आहे.

इच्छा: वजन आणि ऑर्डर

इच्छेचा पहिला अर्धा भाग म्हणजे वजन. वजन त्याच दिवसाचं, किलोमध्ये आणि शक्यतो कमीत कमी कपड्यांवर केलेलं हवं. भिजलेला डायपर दोनशे ग्रॅमच्या घरात जाऊ शकतो. तीन किलोच्या बाळाच्या बाबतीत दोनशे ग्रॅम ही लहान गोष्ट नाही. लहान बाळाचं वजन महिन्याभरातही बदलतं. जन्मवजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट होतं आणि वर्षाअखेरीस तिप्पट. मागच्या महिन्याचा आकडा म्हणजे मागच्या महिन्याचं बाळ.

वयावरून वजन काढायची सूत्रं आहेत. एक ते सहा वर्षांच्या मुलाचं वजन म्हणजे वयाची दुप्पट अधिक आठ, हे त्यातलं एक. त्याप्रमाणे तीन वर्षांचं मूल चौदा किलोचं. पण मेळघाटातलं कुपोषित मूल तीन वर्षांचं असून नऊ किलोचं असू शकतं. चौदा किलोच्या हिशोबाने काढलेले २१० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल त्याला दिले, तर दर किलोला १५ ऐवजी तेवीसहून जास्त जातात. शिवाय यकृतातला जो पदार्थ या औषधाचा विषारी अंश निष्प्रभ करतो, त्या ग्लुटाथायोनचा साठा कुपोषित मुलाकडे आधीच तुटपुंजा असतो. म्हणजे ज्या मुलाच्या बाबतीत अंदाज सर्वांत जास्त चुकतो, त्यालाच ती चूक सर्वांत कमी सोसते.

मूल बेशुद्ध आहे, काटा जवळ नाही, क्षणाक्षणाचा प्रश्न आहे, अशा वेळी अंदाजाला इलाज नसतो. त्यासाठी अमेरिकी डॉक्टर जेम्स ब्रोसेलो यांनी १९८० च्या दशकात एक रंगीत फीत तयार केली. मुलाच्या शेजारी ती लांबवर पसरायची, मुलाची उंची ज्या रंगावर संपते त्या रंगाच्या मात्रा वापरायच्या. कल्पना उत्तम आहे, पण फितीमागची मुलं अमेरिकेतली. भारतातल्या मुलांवर ती तपासली तेव्हा दहा किलोच्या पुढच्या मुलांचं वजन फितीवर खऱ्यापेक्षा जास्त दिसलं. फीत आणीबाणीसाठी. वेळ हाताशी असेल तर काट्याला पर्याय नाही.

इच्छेचा दुसरा अर्धा भाग म्हणजे ऑर्डर. इथे एक शब्द सगळं उलटंपालटं करतो. दर किलोला इतके मिलिग्रॅम, पण एका वेळी की दिवसभरात? पॅरासिटामॉलचा आकडा एका वेळचा असतो. अमॉक्सिसिलिनसारख्या प्रतिजैविकाचा पुष्कळदा दिवसाचा असतो आणि तो भागून द्यायचा असतो. समजा बारा किलोच्या मुलीला दिवसाला दर किलोमागे ४५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, असं लिहिलंय. दिवसाचे झाले ५४० मिलिग्रॅम, एका वेळचे २७०. पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅमची बाटली असेल तर ५.४ मिलिलिटर. 'दिवसाला' हा शब्द नजरेतून सुटला तर प्रत्येक वेळी १०.८ मिलिलिटर जाईल. गणित बिनचूक आणि मात्रा दुप्पट.

मग आकड्यांची लिखावट. '.५' असं लिहिलं आणि टिंब पुसट झालं की उरतं ५. '५.०' मधलं टिंब दिसलं नाही की होतात ५०. मुलांच्या औषधांतल्या दहापट चुकांचं हे नेहमीचं मूळ आहे. म्हणून जगभर शिकवतात की टिंबाआधी शून्य नेहमी लिहा आणि टिंबानंतरचं रिकामं शून्य कधीच लिहू नका: ०.५ आणि ५.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे आणि ती पुस्तकांत फारशी सापडत नाही. मराठीतला १ हा इंग्रजीतल्या नऊसारखा दिसतो, आपला ४ इंग्रजीतल्या आठसारखा आणि घाईत काढलेला ७ इंग्रजीतल्या सहासारखा. डॉक्टर इंग्रजी अंक लिहितात, आजी मराठी अंक वाचतात. मी विद्यार्थ्यांना सांगते, आई-वडिलांना दिलेल्या कागदावर आकडा लिहिलात की शेजारी तो अक्षरी लिहा. धनादेशावर रुपयांसाठी आपण तेवढी काळजी घेतोच. बाळ त्याहून थोडंच स्वस्त आहे?

प्रमाण आणि फल: बाटली

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. तिच्या हातातल्या बाटलीवर तेच नाव होतं आणि औषधही तेच होतं. पण ती तान्ह्या बाळांसाठीच्या ड्रॉप्सची बाटली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं: १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम.

आपल्या दुकानांत पॅरासिटामॉल पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम अशा सिरपमध्ये मिळतं, पाच मिलिलिटरला २५० अशा जास्त ताकदीच्या सिरपमध्ये मिळतं आणि एका मिलिलिटरला १०० अशा ड्रॉप्समध्येही मिळतं. आपल्या दहा किलोच्या बाळाला हवे असलेले १५० मिलिग्रॅम या तीन बाटल्यांतून असे निघतात:

पाच मिलिलिटरला १२० असेल तर ६.२५ मिलिलिटर.
पाच मिलिलिटरला २५० असेल तर ३ मिलिलिटर.
एका मिलिलिटरला १०० असेल तर १.५ मिलिलिटर.

औषध जितकं दाट, तितकं माप कमी. त्रैराशिकाची ही उलटी बाजूही लीलावतीत आहे. तिला 'व्यस्त त्रैराशिक' म्हणतात. धान्याची एक रास सात आढकांच्या मापाने शंभर मापं भरली, तर पाच आढकांच्या मापाने किती भरेल? उत्तर एकशेचाळीस. माप लहान झालं की मापांची संख्या वाढते, माप मोठं झालं की कमी होते. आईच्या हातातलं 'माप' मोठं झालं होतं आणि संख्या मात्र ती सहाच ठेवणार होती.

सहा मिलिलिटर ड्रॉप्स म्हणजे ६०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला एका वेळी दर किलोमागे ६०, म्हणजे दिवसभराची कमाल मात्रा एका घोटात. सहा-सहा तासांनी तेच चालू राहिलं तर दिवसभरात दर किलोला २४० मिलिग्रॅम. एवढ्याने यकृताला गंभीर इजा होऊ शकते. भीती याची की पहिल्या दिवशी फारसं काही दिसत नाही. बाळ मलूल असतं, उलटी करतं, आणि ते तर तापानेही होतं. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी. म्हणून चुकून जास्त औषध गेलंय अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता बाटली हातात घेऊन थेट रुग्णालय गाठायचं.

या घोटाळ्यावर अमेरिकेत २०११ साली एक उपाय झाला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं मुलांचं द्रव पॅरासिटामॉल सगळीकडे एकाच ताकदीचं, पाच मिलिलिटरला १६० मिलिग्रॅमचं, करायचं ठरलं आणि तान्ह्या बाळांसाठीचे दाट ड्रॉप्स बाजारातून काढले गेले. आपल्याकडे तिन्ही ताकदी एकाच फळीवर असतात. म्हणून आपला नियम आपणच करायला हवा: 'इतके मिलिलिटर' हा आकडा बाटलीवरच्या ताकदीपासून कधीही वेगळा सांगायचा नाही, वेगळा लिहायचा नाही आणि वेगळा लक्षात ठेवायचा नाही.

बाटलीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. पहिली ड्राय सिरपची. प्रतिजैविकाच्या बाटलीत पावडर येते आणि पाणी आपण घालतो. तिथे ताकद ठरवणारा हात आपला असतो. ३० मिलिलिटरची बाटली म्हणून ३० मिलिलिटर पाणी ओतलं तर पावडरनेही जागा घेतल्यामुळे औषध रेषेच्या वर जातं आणि पातळ होतं. पाणी कमी पडलं तर दाट होतं. आधी बाटली आपटून पावडर सुटी करायची, उकळून गार केलेलं पाणी निम्म्यापर्यंत घालून खूप हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत पाणी भरायचं. तयार औषध बहुधा सातच दिवस टिकतं. नेमका अवधी आणि ते फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर, हे लेबलवर असतं. दर वेळी देण्याआधी बाटली हलवायची, नाहीतर पहिल्या दिवशी नुसतं पाणी आणि शेवटच्या दिवशी तळाचा दाट गाळ पोटात जातो.

दुसरी गोष्ट लपलेल्या औषधाची. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतंच. तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं अशी दोन औषधं देताना एकच औषध दोनदा जातं. शिवाय अशा सर्दीच्या सिरपमध्ये नेहमी असणारी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचे आदेश आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात दिले. लेबलवर ठळक छापलेलं नाव कंपनीचं असतं. औषधाचं नाव त्याखाली बारीक अक्षरात असतं, आणि वाचायचं ते तेच.

इच्छाफल: हातातलं माप

वजन, ऑर्डर, बाटली सगळं बरोबर आलं. आता ६.२५ मिलिलिटर प्रत्यक्षात मोजायचे. आपल्याकडे तान्ह्या बाळाला बोंडल्याने दूध पाजायची रीत होती. औषधही त्यातूनच जायचं आणि माप म्हणजे घरातला चमचा. पण चहाचा चमचा हे माप नव्हे. ग्रीसमधल्या संशोधकांनी २०१० साली घराघरांतले चहाचे चमचे मोजले, तेव्हा कुणाच्यात अडीच मिलिलिटर मावत होते तर कुणाच्यात सात मिलिलिटरहून जास्त. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली चमचा हे एककच सोडून द्यावं आणि फक्त मिलिलिटर वापरावं असं सांगितलं.

बुचाची मोजपट्टीची टोपी चमच्यापेक्षा बरी, पण तिचं तोंड रुंद असतं आणि रेषेवर थोडं इकडेतिकडे झालं तरी फरक मोठा पडतो. दोन हजारांहून जास्त पालकांना बसवून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, २०१६ साली, टोपीने मोजताना सिरिंजपेक्षा पुष्कळ जास्त चुका झाल्या आणि लहान मात्रांत तर फरक आणखी वाढला.

म्हणून सिरिंज. सुई नसलेली, शक्य असेल तर तोंडाने औषध देण्यासाठीच बनवलेली, जिचं टोक सलाईनच्या नळीत बसत नाही. तोंडावाटे द्यायचं औषध चुकून शिरेत जाऊ नये, यासाठी वॉर्डात हे फार महत्त्वाचं आहे. टोकावर छोटी टोपी असेल तर ती आधीच काढून टाकायची, कारण बाळाच्या घशात ती अडकू शकते.

सिरिंजच्या रेषाही वाचाव्या लागतात. ५ मिलिलिटरच्या सिरिंजवर दोन लहान रेषांमध्ये साधारण ०.२ मिलिलिटर असतात, १ मिलिलिटरच्या सिरिंजवर ०.०१. मात्रा ६.२५ आली, पण मोठ्या सिरिंजवर पाव मिलिलिटरची रेष नाही. मग सहाला थांबायचं. सहा मिलिलिटरमध्ये १४४ मिलिग्रॅम असतात, म्हणजे दर किलोला १४.४. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असते, त्यामुळे हे चालतं. पण प्रत्येक औषधाला एवढी मोकळीक नसते. हृदयाच्या किंवा फिट्सच्या औषधात पाव मिलिलिटरही सोडायचा की नाही, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

सिरिंज सावकाश भरायची, बुडबुडा आला तर टिचकी मारून वर आणायचा आणि बाहेर काढायचा. मोजताना सिरिंज डोळ्यांच्या पातळीला धरायची आणि रबराची वरची कड रेषेवर आली की थांबायचं. बाळाला थोडं टेकवून बसवायचं, सिरिंजचं टोक जिभेवर न ठेवता गालाच्या आतल्या बाजूला लावायचं आणि थोडं थोडं सोडायचं. नाक दाबायचं नाही, रडता रडता औषध ओतायचं नाही. औषध श्वासनळीत गेलं तर मापाचे सगळे कष्ट वाया.

अंदाज आधी, गणित नंतर

वॉर्डात आम्ही एक सवय लावतो. कागदावर गणित मांडण्याआधी उत्तर साधारण किती यावं ते मनाशी ठरवायचं. पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलमध्ये मिलिलिटरचा आकडा किलोच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त येतो. दहा किलोला सहा, आठ किलोला पाच. २५० च्या बाटलीत किलोच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी. कागदावर साठ आलं तर टिंब कुठेतरी हरवलंय, हे लगेच कळतं.

दुसरी सवय म्हणजे दोघींनी वेगवेगळं गणित करणं. जास्त धोक्याच्या औषधात दुसरी सिस्टर पहिलीचं उत्तर न बघता वजन, ऑर्डर आणि लेबल यांवरून स्वतः हिशोब करते आणि मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवतात. "बघ गं, सहा ना?" असं विचारलं की माणूस "हो" म्हणतो. "तुला किती येतंय?" असं विचारलं तर तो खरोखर मोजतो.

तिसरी सवय म्हणजे बाळाला औषध देण्याआधी त्याच्या हातातल्या पट्टीवरचं नाव वाचणं. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच पथ्यं परिचर्येत पहिल्या वर्षापासून शिकवतात. पहिलं पथ्य चुकलं तर बाकीची चार पाळूनही उपयोग नाही.

त्या रात्री सिस्टरने आईला पलंगावर बसवलं आणि तिची छोटी बाटली हातात घेतली. "ताई, औषध तेच आहे, पण हे चौपटीहून जास्त दाट आहे. यातलं सहा नाही, दीड द्यायचं. आणि मी सांगते तर तेही नको. घरी एकच बाटली ठेवा. ही." तिने मोठी बाटली पुढे केली, वजनाचा आकडा, तारीख आणि बाटलीची ताकद डिस्चार्ज कार्डावर लिहिली आणि त्यापुढे अक्षरी लिहिलं: सहा मिलिलिटर. मग रिकाम्या सिरिंजवर, सहाच्या रेषेवर, पेनाने एक खूण केली.

"आता तुम्ही भरून दाखवा."

आईने पाणी ओढलं. पहिल्यांदा बुडबुडा आला, दुसऱ्यांदा खूण ओलांडली गेली. तिसऱ्यांदा तिने सिरिंज दिव्यासमोर डोळ्यांच्या पातळीला धरली, रबराची कड खुणेवर आणून थांबली आणि म्हणाली, "सहा. पण वजन वाढलं की बदलणार ना हे?"

हा प्रश्न तिने विचारला तेव्हा सिस्टरचं काम पूर्ण झालं. आकडा आता पाठ केलेला राहिला नव्हता. तो कशावर अवलंबून आहे हे तिला कळलं होतं, आणि पुढच्या तापाला ती आधी बाळाला काट्यावर ठेवणार होती.